ओएमजीने छापलं म्हणजे बिनचूक?

यूएमएल ही सॉफ्टवेअरची रचना आकृत्यांतून मांडायची भाषा; तिचं प्रमाण ओएमजी ही संस्था छापते. त्यातले अनेक नियम ओसीएल या औपचारिक, म्हणजे काटेकोर व्याकरणाच्या, भाषेत लिहिलेत, म्हणजे ते यंत्राने तपासलेलेच असणार, असं बरेच जण धरून चालतात. तसं नाही. २००५ची यूएमएल २.० आवृत्ती पाहा. एक वर्ग (क्लास) दुसऱ्याकडून गुणधर्म वारशाने घेतो; तो दुसरा त्याचा पालक. कोणताही वर्ग स्वतःचाच पूर्वज नसावा, हा नियम 'ऑलपेरेंट्स' या क्रियेवर उभा आहे. ती आधी पालक गोळा करते, मग त्यांचे पालक, अशी स्वतःलाच हाक मारत जाते. आता वारशात खरंच चक्र असेल, तर ही हाक थांबणार कधी? जी चूक पकडायची, तिच्यापाशीच नियम गरगरत राहतो! शिवाय त्यात वापरलेल्या ‘कलेक्ट’ या ओसीएल क्रियेतून ‘बॅग’ (एकच घटक पुन्हा चालणारा संग्रह) निघते, ‘ऑलपेरेंट्स’च्या उत्तराचा जाहीर केलेला प्रकार मात्र ‘सेट’ (पुनरावृत्ती न चालणारा संग्रह). साधा टाइप-चेकर, म्हणजे प्रकार जुळतात का ते पाहणारा प्रोग्राम, हे दाखवतो.