स्पंजातून आलेली किमो आणि अडीच महिन्यांचा अर्थ

स्तनाचा कर्करोग हाडांत, यकृतात किंवा फुप्फुसांत पसरलेला असतो, आधीच्या किमो एकेक करून निष्प्रभ ठरलेल्या असतात, आणि मग डॉक्टर एक अनोळखी नाव घेतात : एरिब्युलिन. हे नाव ऐकणाऱ्या बाईला आणि तिच्या माणसांना ते औषध नीट समजून घेता यावं, असं मला मनापासून वाटतं.

त्याचं मूळ समुद्रात आहे. १९८६ साली हिराता आणि उएमुरा या जपानी संशोधकांनी एका समुद्री स्पंजातून हॅलिकॉन्ड्रिन बी हा रेणू वेगळा काढला. ६०० किलो स्पंजातून हाती आले जेमतेम १२.५ मिलिग्रॅम! कर्करोगाच्या पेशींवर तो जबरदस्त चालत होता, पण एवढे स्पंज आणायचे कुठून? १९९२ मध्ये योशितो किशी यांच्या चमूने तो अख्खा रेणू प्रयोगशाळेत बनवला. पुढे कळलं, की खरं काम त्याचा अर्धा भागच करतो. त्याच भागाचं सुधारलेलं रूप म्हणजे एरिब्युलिन.

पेशीची दोन शकलं होताना गुणसूत्रं दोन्हीकडे ओढणारे दोर सूक्ष्मनलिकांचे असतात. एरिब्युलिन या नलिकांच्या वाढत्या टोकाला चिकटतं. वाढ थांबते, विभाजन अर्ध्यात अडकतं, पेशी मरते. पॅक्लिटॅक्सेल हे दुसरं किमो-औषध याच नलिकांना घट्ट धरून ठेवतं आणि सुटूच देत नाही. दोघांची रीत वेगळी.

आता आकडा. ७६२ महिलांच्या ‘एम्ब्रेस’ चाचणीचे निष्कर्ष २०११ मध्ये छापून आले. आयुर्मानाचा मध्यक एरिब्युलिन घेणाऱ्यांत १३.१ महिने होता, तर डॉक्टरांनी निवडलेले इतर उपचार घेणाऱ्यांत १०.६. फरक अडीच महिन्यांचा. मात्र मध्यक ही कुणा एकीची मुदत नव्हे; निम्म्या जणी त्याच्या पुढे जगल्या. कुणाला पुष्कळ फायदा होतो, कुणाला काहीच नाही. नंतरच्या एका मोठ्या चाचणीत कॅपेसिटाबिन या दुसऱ्या किमो-औषधाशी तुलना झाली, तेव्हा आयुर्मानात खात्रीने सांगावा असा फरक दिसला नाही.

म्हणून निवड करताना रोजचं जगणं मोजायला हवं. कॅपेसिटाबिनच्या गोळ्या घरी घेता येतात, केस बहुधा टिकतात. पण तळहात-तळपाय लाल होऊन सोलतात, जुलाब होतात. एरिब्युलिन २१ दिवसांच्या चक्रात पहिल्या आणि आठव्या दिवशी शिरेतून दोन ते पाच मिनिटांत देतात. केस जातात, थकवा येतो, पांढऱ्या पेशी घटतात. ताप आला तर सकाळची वाट न पाहता लगेच रुग्णालय गाठायचं. हातापायांना मुंग्या येतात, बधिरपणा येतो, आणि ‘एम्ब्रेस’मध्ये औषध बंद करण्याचं सर्वांत मोठं कारण हेच होतं. आधी घेतलेल्या टॅक्सेन गटातल्या औषधामुळे (पॅक्लिटॅक्सेल त्यातलंच) शर्टाचं बटण लावणं जड जात असेल, तर ते पहिल्या डोसआधीच डॉक्टरांना सांगावं. डोस कमी करता येतो, पुढे ढकलता येतो.