राउंड ट्रिपिंग

राउंड ट्रिपिंग : देशातलाच पैसा आडमार्गाने बाहेर नेऊन विदेशी गुंतवणूक म्हणून परत आणण्याचा व्यवहार. करचुकवेगिरीचा किंवा लाचेचा पैसा असा फिरवला, की ते मनी लाँडरिंग ठरते. भारतात याची चर्चा मुख्यतः मॉरिशसच्या संदर्भात झाली.

पैसा बाहेर जातो तो हवाल्याने किंवा आयातीच्या फुगवलेल्या बिलांतून. १०० रुपयांचे यंत्र १५० रुपयांचे दाखवले, की बँकेतून १५० रुपये रीतसर जातात आणि वरचे ५० विक्रेता सांगितलेल्या खात्यात वळते करतो. इकडे खर्च वाढलेला दिसतो, त्यामुळे नफ्यावरचा प्राप्तिकरही वाचतो. मग कागदी कंपन्यांच्या दोन-तीन थरांतून फिरून तोच पैसा मॉरिशसच्या कंपनीच्या नावाने भारतात येतो.

या वाटेला बळ दिले ते भारत आणि मॉरिशस यांच्यातील, १९८३ मध्ये लागू झालेल्या दुहेरी करआकारणी टाळण्याच्या कराराने. मॉरिशसच्या कंपनीला भारतातले शेअर विकून झालेल्या नफ्यावर कर लावण्याचा हक्क मॉरिशसकडे होता आणि मॉरिशस तो लावत नव्हता. केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाच्या एप्रिल २००० च्या परिपत्रकाने या सवलतीसाठी तिथला रहिवासी दाखला पुरेसा मानला. दिल्ली उच्च न्यायालयाने ते रद्द केले, पण २००३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वैध ठरवले. भांडवलाची गरज असलेला विकसनशील देश असे काही प्रकार चालवून घेतो, असाही त्या निकालातला एक युक्तिवाद होता. पुढची अनेक वर्षे, बारा-तेरा लाख वस्तीच्या या बेटावरून भारतातील थेट विदेशी गुंतवणुकीचा सुमारे एक तृतीयांश हिस्सा येत राहिला. त्यात खरे परदेशी फंडही होते. तरी एवढी रक्कम त्या अर्थव्यवस्थेची स्वतःची असणे शक्य नाही, हे केंद्र सरकारच्या २०१२ च्या काळ्या पैशावरील श्वेतपत्रिकेतही नमूद आहे.

पैसा शेवटी देशातच आला, मग विकासाचे काय बिघडले, असा प्रश्न विचारला जातो. तो अगदीच फोल नाही; पैसा कायमचा बाहेर राहण्यापेक्षा हे बरे. पण विदेशी गुंतवणुकीसोबत अपेक्षित असलेले तंत्रज्ञान, नवी बाजारपेठ, व्यवस्थापनाचे कौशल्य यांतले काहीच येत नाही. आकडा तेवढा वाढतो आणि त्यावरून धोरणे आखली जातात. शिवाय कर भरून धंदा करणारा लहान उद्योजक करमुक्त भांडवल वापरणाऱ्याशी स्पर्धेत हरतो. तो मागे पडला तो कमी कार्यक्षम म्हणून नव्हे, हे खरे नुकसान. कंपनीचा प्रवर्तक असाच पैसा आपल्याच कंपनीच्या शेअरमध्ये घालून भाव चढवू शकतो. त्याचा फटका सामान्य गुंतवणूकदाराला बसतो.

अशा भांडवलाची सवय मोडणेही अवघड असते. खरा मालक पडद्याआड ठेवणाऱ्या पार्टिसिपेटरी नोट्सवर (नोंदणीकृत परदेशी संस्थेने भारतीय शेअरच्या आधारे इतरांना दिलेले कागद) निर्बंधांचा प्रस्ताव शेअर बाजाराची नियामक संस्था सेबीने मांडताच, १७ ऑक्टोबर २००७ रोजी सेन्सेक्स १,७०० हून अधिक अंकांनी कोसळला आणि व्यवहार तासभर थांबवावे लागले.

मे २०१६ मध्ये करारात दुरुस्ती झाली. १ एप्रिल २०१७ पासून घेतलेल्या शेअरच्या नफ्यावर भारताला कर लावता येऊ लागला. आधीच्या खरेदीला मात्र सूट राहिली. २०१८-१९ मध्ये गुंतवणुकीच्या यादीत सिंगापूर मॉरिशसच्या पुढे होते. कंपनी कायद्याखालील नियमांनुसार आता १० टक्के किंवा त्याहून अधिक हितसंबंध असलेल्या अंतिम लाभार्थ्याचे नाव जाहीर करावे लागते.