भीती पुसली जात नाही, म्हणून सराव बसमध्येच

थेरपी म्हणजे बंद खोलीत बसून मनातलं बोलणं, हा समज फार पक्का आहे. त्यामुळे क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट भीतीने ग्रासलेल्या रुग्णासोबत बसमध्ये चढतात, लिफ्टने खेपा घालतात, दुकानातल्या रांगेत उभे राहतात, हे ऐकलं की लोक विचारतात, "यात उपचार तो कसला? हे तर घरचं कुणीही करेल." मला मात्र उपचाराचा सगळ्यात काटेकोर भाग हाच वाटतो.

भीतीला थोडं थोडं सामोरं जायची ही पद्धत तशी जुनी. सशाला घाबरणाऱ्या पीटर नावाच्या लहान मुलावर मानसशास्त्रज्ञ मेरी कव्हर जोन्स यांनी केलेलं काम 1924 साली प्रसिद्ध झालं. पीटर आवडीचा खाऊ खात असताना ससा रोज थोडा थोडा जवळ आणला जाई. शेवटी पोरगं सशाला कुरवाळू लागलं.

भीती गेली, असं आपण म्हणतो. पण गेली कुठे? रशियन शास्त्रज्ञ पाव्हलॉव्हच्या कुत्र्यांना ठरावीक इशाऱ्यानंतर अन्न मिळे, म्हणून नुसत्या इशाऱ्यानेही त्यांना लाळ सुटू लागे. इशाऱ्यानंतर अन्न देणं बंद केलं की त्यांची लाळ सुटणं हळूहळू थांबे. मध्ये थोडा वेळ जाऊ दिला की त्याच इशाऱ्याला पुन्हा लाळ सुटे. म्हणजे जुनं शिकलेलं पुसलं गेलंच नव्हतं, नव्या शिक्षणाने त्याला फक्त दाबून धरलं होतं. अशा दाबून धरण्याला विलोपन म्हणतात. शब्द जरा फसवा आहे, कारण यात लोप कशाचाच होत नाही.

1979 साली मार्क बाउटन आणि रॉबर्ट बोल्स यांनी उंदरांवरच्या प्रयोगांतून यातली मेख दाखवली. एका पिंजऱ्यात आवाज ऐकवून विजेचा झटका दिला, की उंदीर त्या आवाजाला घाबरू लागतो. मग वेगळ्या पिंजऱ्यात नुसताच आवाज ऐकवत राहायचं. भीती ओसरते. उंदराला पहिल्या पिंजऱ्यात परत ठेवा, भीती हजर! पुढे असंही दिसलं, की अगदी नव्या, तिसऱ्या पिंजऱ्यातही ती परतू शकते. धोक्याची आठवण कुठेही सोबत येते. "इथे काही होत नाही" ही आठवण मात्र जिथे तयार झाली त्या जागेला चिकटून बसते. भीतीची गजर-यंत्रणा मेंदूतल्या अमिग्डाला नावाच्या भागाभोवती असते, तिला आवर घालणारा भाग कपाळामागच्या मेंदूत, आणि आत्ता आपण कुठे आहोत हे सांगणारा हिप्पोकॅम्पस. आवर घालायचा की नाही, हे ठरताना हिप्पोकॅम्पसचं मत फार महत्त्वाचं ठरतं.

आता दवाखान्याच्या खोलीचा विचार करा. ती खोली म्हणजे दुसरा पिंजरा. तिथे शिकलेला धीर गर्दीच्या बसमध्ये सापडत नाही, याचा मनाच्या कमकुवतपणाशी काहीही संबंध नाही.

समजा, एका बाईंना बसमध्ये आपण गुदमरून कोसळू अशी धास्ती आहे. चढण्याआधी त्या वहीत लिहितात: "तिसऱ्या थांब्यापर्यंत कोसळेन. खात्री 90 टक्के." सायकॉलॉजिस्ट शेजारी बसतात, पण "घाबरू नका" म्हणत नाहीत. तिसरा थांबा येतो. छाती धडधडते, तळहात ओले होतात, बाई मात्र बसलेल्याच असतात. उतरल्यावर पहिला प्रश्न: "लिहिलं काय होतं, आणि झालं काय?" अंदाज आणि अनुभव यांतली ही तफावतच मेंदूला शिकवते. भीती कमी झाली का, हा प्रश्न नंतरचा.

म्हणूनच मुठीत धरलेला ताईत घात करतो. प्रवास सुखरूप झाला की श्रेय ताईताला जातं आणि मूळ अंदाज शाबूत राहतो. खिशातली "लागलीच तर" म्हणून ठेवलेली गोळी किंवा सतत घट्ट धरलेला दांडा हेच काम करतो. "पाच मिनिटांत भीती कायमची घालवा" सांगणाऱ्या व्हिडिओंबद्दल एवढंच, की "कायमची" हा दावा पाव्हलॉव्हच्या काळापासूनच खोटा ठरलेला आहे.

अडचण अशी, की सायकॉलॉजिस्टसुद्धा ताईत होऊ शकतात. "त्या सोबत होत्या म्हणून निभावलं," असं मेंदू नोंदवतो. म्हणून पहिल्या खेपेला त्या शेजारी, मग दोन रांगा मागे, मग पुढच्या थांब्यावर वाट पाहत. मार्ग बदलायचा, वेळ बदलायची, एकदा रिकामी बस, एकदा खच्चून भरलेली. शेवटच्या खेपेला बाई वहीत अंदाज लिहितात आणि एकट्याच चढतात.