ओल्या चुन्यातला ‘अंतिम न्याय’

अजिंठ्याच्या चित्रांना सर्रास ‘फ्रेस्को’ म्हटलं जातं. ते चूक आहे. अजिंठ्यात मातीच्या गिलाव्यावर पांढरा पातळ हात देऊन, तो वाळल्यावर चिकट द्रव्यात कालवलेले रंग लावले आहेत. खऱ्या फ्रेस्कोत ना डिंक, ना सरस, ना तेल. रंग नुसत्या पाण्यात कालवायचा आणि ओल्या चुन्यावर लावायचा. व्हॅटिकनच्या सिस्टाइन चॅपेलमधला ‘अंतिम न्याय’ (जगाच्या अंती देव करील त्या न्यायनिवाड्याचं भित्तिचित्र) मायकेलअँजेलोने 1536 ते 1541 या काळात असाच रंगवला. कबरीतून उठणारे मृत, वर ओढले जाणारे पुण्यवान, ग्रीक पुराणातला मृतांचा नावाडी कॅरन, त्याच्या नावेतून नरकात हाकलले जाणारे पापी, सगळे चुन्यात. भिंत आधी तैलरंगासाठी तयार केली होती. तो थर त्याने काढायला लावला.

मग रंग धरून ठेवतं कोण? 100 किलो शुद्ध चुनखडी सुमारे 900 अंश सेल्सिअसला भाजली की 44 किलो कार्बन डायऑक्साइड उडून जातो, 56 किलो कळीचा चुना उरतो. पाण्यात विरवला की त्याचं कॅल्शियम हायड्रॉक्साइड होतं. वाळू मिसळून तो भिंतीवर चढवला की हवेतून कार्बन डायऑक्साइड परत घेतो आणि भिंतीवर पुन्हा चुनखडीच तयार होते. गिलाव्यातलं पाणी वर येताना विरघळलेला चुना सोबत आणतं. पृष्ठभागावर कॅल्साइटचे, म्हणजे चुनखडीच्याच खनिजाचे स्फटिक वाढतात, रंगाचे कण त्यांत अडकतात.

सगळी मदार ओलाव्यावर. वायू आधी पाण्यात विरघळावा लागतो, त्यामुळे गिलावा लवकर सुकला तर स्फटिक धड बनत नाहीत आणि रंग बोटाला लागतो. फार ओला राहिला तर छिद्रं पाण्याने बुजतात, हवा आत शिरत नाही. याच चॅपेलचं छत रंगवताना अतिओल्या गिलाव्यावर बुरशी धरली होती.

म्हणून सकाळी त्या दिवशी रंगवून होईल एवढाच, काही मिलिमीटर जाडीचा गिलावा द्यायचा आणि उरलेला संध्याकाळी तिरका कापून टाकायचा. तिरप्या उजेडात एका दिवसाच्या आणि दुसऱ्या दिवसाच्या गिलाव्यातले सांधे दिसतात. त्यांवरून ‘अंतिम न्याया’च्या भिंतीवर सुमारे 450 दिवसांचं काम मोजलं गेलंय.

चुना तीव्र अल्कली असल्याने रंगही निवडक. गेरू, पिवळी माती उत्तम. शिशाचा पांढरा मात्र भिंतीवर काळा पडतो. इटलीतल्या असिसी गावातली चिमाबुए या जुन्या चित्रकाराची भित्तिचित्रं त्यामुळे फोटोच्या निगेटिव्हसारखी दिसतात. अझुराइट या तांब्याच्या खनिजाचा निळा बहुधा वाळल्यावर सरसाने लावत, आणि पहिल्यांदा तोच झडतो.

हे रंग टिकले ते ‘हरवलेल्या गुप्त रसायनामुळे’ किंवा दैवी कृपेने, असे संदेश फिरतात. त्यांत काही तथ्य नाही. शाळेतली चुन्याची निवळी आठवा. नळीने फुंकलं की ती दुधाळ होते, आणि फुंकतच राहिलं तर पुन्हा नितळ होते, कारण जादा कार्बन डायऑक्साइड पाण्यासोबत कॅल्शियम कार्बोनेटचं विद्राव्य बायकार्बोनेट करतो. चित्र घडवणारा वायूच ते विरघळवू शकतो. चॅपेलमध्ये वर्षाला लाखो माणसं श्वास सोडतात. ते बाष्प थंड भिंतीवर साचलं की हाच धोका. म्हणून 2014 मध्ये तिथे तापमान, आर्द्रता आणि कार्बन डायऑक्साइड आटोक्यात ठेवणारी नवी वातानुकूलन यंत्रणा बसवली.