दहावीचे दडपण: एका परीक्षेमागची दीडशे वर्षांची पार्श्वभूमी

दर वर्षी फेब्रुवारीच्या सुमारास राज्य मंडळ दहावी-बारावीच्या परीक्षेच्या सूचनांबरोबर समुपदेशकांचे फोन नंबरही जाहीर करते, तेही विभागवार. बातमी छोट्या चौकटीत येते आणि पालकांना आता तिचे काही वाटत नाही. परीक्षा घेणारेच जेव्हा सांगतात की भीती वाटली तर या नंबरवर बोला, तेव्हा ती भीती एखाद्या मुलाच्या स्वभावापुरती उरलेली नसते. ती व्यवस्थेत मुरलेली असते, आणि तिला बराच जुना इतिहास आहे.

मुंबई विद्यापीठाची स्थापना १८५७ ची, आणि पहिली मॅट्रिक १८५९ ची. त्या परीक्षेला बसलेले बहुतेक विद्यार्थी नापास झाले. उत्तीर्ण झालेल्या मोजक्यांत महादेव गोविंद रानडे होते. कॉलेजात कोणाला घ्यायचे, कचेरीत कोणाला नेमायचे, हे या परीक्षेवरून ठरू लागले. मूल काय शिकले हे पाहणे हा तिचा एक भाग होता. मोठा भाग होता तो बहुतेकांना गाळून थोड्यांना पुढे सोडण्याचा. गाळण्यासाठी घेतलेली परीक्षा शांत मनाने द्या असे मुलांना सांगणे तेव्हाही अवघड होते.

त्याची किंमत तेव्हाच दिसू लागली होती. ऐन अभ्यासाच्या वर्षांत रानड्यांचे डोळे बिघडले, ते कायमचे अधू राहिले. मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायाधीश आणि विद्वान काशिनाथ त्र्यंबक तेलंग १८९३ मध्ये अवघ्या ४३ व्या वर्षी गेले. शिकलेली माणसे इतक्या लवकर का जातात, यावर त्या दशकात मुंबईत गंभीर चर्चा झाली आणि खुद्द रानड्यांनी हिंदू पदवीधरांच्या अकाली मृत्यूंच्या कारणांवर लिहिले. परीक्षांचे ओझे हे त्या चर्चेत पुढे आलेले एक कारण. म्हणजे अभ्यासाच्या ताणाला मोबाइलच्या पिढीचे दुखणे म्हणणाऱ्यांनी निदान सव्वाशे वर्षे मागे जाऊन पाहायला हवे.

स्वातंत्र्यानंतर विद्यापीठाची मॅट्रिक जाऊन १९४९ पासून एस.एस.सी. आली. १९६६ मध्ये राज्य मंडळ उभे राहिले. १९७५ मध्ये अकरावीची जुनी मॅट्रिक संपली आणि दहावी ही शेवटची शालेय परीक्षा झाली. हा बदल कागदावर आकृतिबंधाचा होता, पण वयाच्या दृष्टीने पाहिले तर आयुष्याची वाट ठरवणारी परीक्षा एक वर्ष अलीकडे सरकली, पंधराव्या-सोळाव्या वर्षावर आली. शरीर बदलते आहे, मित्रांपुढे हसे होण्याची भीती सर्वांत तीव्र आहे, झोप विस्कटली आहे, नेमके तेच वय.

त्यात भर गुणवत्ता यादीची, म्हणजे पहिल्या क्रमांकांच्या मुलांची मंडळाने जाहीर केलेली यादी. ‘बोर्डात आला’ हे दोन शब्द त्या काळी गावाचे नाव काढायला पुरेसे होते. वर्तमानपत्रात पेढा भरवतानाचे फोटो, शाळेच्या फलकावर सोनेरी अक्षरे. लातूरचे नाव राज्यभर झाले ते याच यादीमुळे. १९८०-९० च्या दशकांत तिथल्या राजर्षी शाहू आणि दयानंद महाविद्यालयांनी बारावीच्या तयारीची एक कडक शिस्त बसवली: अभ्यासक्रम लवकर संपवायचा, मग चाचण्यांमागून चाचण्या, प्रत्येक उत्तरपत्रिकेवर चर्चा, पुन्हा लेखन. मागास म्हणून हिणवल्या गेलेल्या मराठवाड्यातली मुले पुण्या-मुंबईच्या मुलांना मागे टाकू लागली. लातूर पॅटर्नवर टीका करणारे ही बाजू सोडून देतात, ते मला पटत नाही. ज्यांच्या घरात पुस्तके नव्हती त्यांना त्या शिस्तीने डॉक्टर, इंजिनिअर केले. पण पॅटर्नची नक्कल गावोगावच्या क्लासवाल्यांनी केली तेव्हा शिक्षकांची मेहनत मागे राहिली आणि फक्त चाचण्या व क्रमवारी पुढे आली. दर आठवड्याला आपला नंबर भिंतीवर वाचणाऱ्या मुलाच्या मनाचे काय होते, हा प्रश्न त्या नकलेत कुठेच नव्हता.

दिल्लीत मात्र तो विचारला गेला होता. १९८९ मध्ये राज्यसभेत लेखक आर. के. नारायण यांनी आपल्या पहिल्याच भाषणात मुलांच्या पाठीवरच्या दप्तराचा विषय काढला. त्याची दखल घेऊन प्रा. यशपाल यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि १९९३ मध्ये तिचा अहवाल आला. दप्तराच्या वजनापेक्षा न समजता घोकण्याचे ओझे भारी आहे, हा त्याचा गाभा. अहवालाचे कौतुक पुष्कळ झाले, परीक्षा मात्र तशाच राहिल्या.

महाराष्ट्रात या शतकाच्या पहिल्या दशकात मंडळाने गुणवत्ता यादी बंद केली. चांगलेच झाले. पण लगेच अकरावी प्रवेशाची झुंबड सुरू झाली. २००८ चे पर्सेंटाइल सूत्र (वेगवेगळ्या मंडळांचे गुण एका मापात आणण्यासाठी), २००९ चा ९०:१० कोटा (नव्वद टक्के जागा राज्य मंडळाच्या मुलांना), २०१० चे ‘बेस्ट ऑफ फाइव्ह’ (सर्वाधिक गुणांचे पाच विषयच धरायचे) हे तीनही निर्णय न्यायालयात गेले. पहिले दोन रद्द झाले, तिसरा सर्वोच्च न्यायालयात टिकला. तीन वर्षे दहावीची मुले निकाल हातात घेऊन, प्रवेश कोणत्या नियमाने होणार याची वाट पाहत बसली. अनिश्चिततेएवढे मनाला पोखरणारे दुसरे काही नसते, आणि ती इथे मोठ्यांनी निर्माण केली होती.

जानेवारी २०१० मध्ये मुंबई आणि परिसरात विद्यार्थ्यांच्या आत्महत्यांच्या बातम्या एकामागोमाग आल्या. त्या बातम्या ज्या तपशिलाने छापल्या, दाखवल्या गेल्या, त्यानेही हानीच केली असावी, कारण अशा वर्णनांचा अनुकरणाशी संबंध असतो हे जगभरच्या अभ्यासांतून दिसले आहे. त्यानंतर शाळांत समुपदेशक हवेत ही मागणी जोर धरू लागली. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या अहवालात देशभरातल्या १३,०४४ विद्यार्थ्यांच्या आत्महत्यांची नोंद आहे, आणि राज्यांत महाराष्ट्राचा आकडा सर्वांत मोठा आहे. प्रत्येक घटनेमागे परीक्षाच असते असे नाही. घरातले ताण, आजार, नाती, पैसा, अनेक गोष्टी एकत्र येतात.

या सगळ्या उपायांत मला सर्वांत मोलाचा वाटतो तो २०१५ चा. त्याआधी दहावीत नापास झालेल्या मुलाला ऑक्टोबरपर्यंत थांबावे लागे, म्हणजे बहुतेकदा वर्ष गेलेच. २०१५ पासून निकालानंतर लगेच जुलैमध्ये फेरपरीक्षा होऊ लागली आणि त्यात उत्तीर्ण झालेल्यांना त्याच वर्षी अकरावीला जाता येऊ लागले. ‘वर्ष वाया जाईल’ ही धास्ती किती घरांत किती मुलांच्या छातीवर बसलेली असते, हे ज्याने पाहिले आहे त्याला या एका निर्णयाचे मोल सांगावे लागत नाही.

वैद्यकीय प्रवेशाच्या बाबतीत उलटे घडले. राज्याची सीईटी आल्यापासूनच बारावीचे गुण पात्रतेपुरते उरले होते; २०१६-१७ पासून नीट ही देशभरची एकच वैद्यकीय प्रवेश परीक्षा लागू झाली आणि सगळा भार एका दुपारच्या त्या एका परीक्षेवर गेला. २०२४ मध्ये तिच्यासाठी २४ लाखांच्या आसपास नोंदणी झाली, एम.बी.बी.एस.च्या जागा साधारण एक लाख. लातूर, नांदेड, छत्रपती संभाजीनगर आणि थेट राजस्थानातल्या कोटा शहरात खोली घेऊन राहणारी सोळा-सतरा वर्षांची मुले याच गणितातून तिथे पोहोचली आहेत. कॉलेज नावापुरते, दिवसभर क्लास, रात्री टेस्ट सिरीज. एका परीक्षेवरचे वजन काढले की ते दुसरीवर जाऊन बसते, हे दीडशे वर्षांत पुन्हा पुन्हा घडले आहे.

मानसशास्त्रात परीक्षेच्या भीतीचा पद्धतशीर अभ्यास १९५२ च्या सुमारास येल विद्यापीठात मँडलर आणि सॅरसन यांनी सुरू केला. १९६७ मध्ये लीबर्ट आणि मॉरिस यांनी त्या भीतीचे दोन भाग वेगळे केले. एक शरीराचा: धडधड, घाम, पोटात गोळा. दुसरा मनातल्या बोलण्याचा: ‘जमणार नाही’, ‘बाबांना काय सांगू’. गुणांवर जास्त परिणाम या दुसऱ्या भागाचा होतो, कारण उत्तर आठवायला आणि रचायला जी जागा लागते ती काळजीच अडवून बसते. पेपर संपवून बाहेर आल्यावर सगळे आठवते ते यामुळे. म्हणून नुसते ‘घाबरू नकोस’ म्हटल्याने फरक पडत नाही. मनातले वाक्य नेमके कोणते आहे ते मुलाला सापडावे लागते आणि तपासावे लागते.

इथे मराठी मुलखाचे एक भाग्य आहे. मनातली अशीच वाक्ये तपासून बदलायला शिकवणारी, अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५० च्या दशकात मांडलेली विवेकनिष्ठ उपचारपद्धती कि. मो. फडके यांनी मराठीत रुजवली. मनोविकारतज्ज्ञ डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० मध्ये ठाण्यात आय.पी.एच. ही मानसिक आरोग्यासाठी काम करणारी संस्था सुरू केली आणि हा विचार शाळा-पालकांपर्यंत नेला. ‘नापास झालो तर मी संपलो’ आणि ‘नापास झालो तर वाईट वाटेल, जुलैत पुन्हा बसेन’ या दोन वाक्यांतला फरक आठवीतल्या मुलालाही समजतो. पण दुसरे वाक्य खरे ठरायला जुलैची परीक्षा असावी लागते.

झोपेच्या बाबतीत आपण अजून चुकतो आहोत. किशोरवयात मेलाटोनिन रात्री उशिरा स्रवू लागते, त्यामुळे लवकर झोप येत नाही आणि पहाटे जाग येत नाही. हा आळस नव्हे. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१४ मध्येच मोठ्या मुलांच्या शाळा साडेआठच्या आधी भरवू नयेत असे सुचवले. महाराष्ट्राने २०२४ मध्ये शाळा नऊनंतर भरवण्याचा आदेश काढला, पण तो चौथीपर्यंतच्या वर्गांसाठी. ज्यांचे शरीराचे घड्याळ खरोखर पुढे सरकलेले असते ती नववी-दहावीची मुले अजून पहाटेच्या क्लासला जातात.

२५ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शाळा, महाविद्यालये आणि कोचिंग संस्थांसाठी मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. १०० किंवा त्याहून अधिक विद्यार्थी असतील तिथे किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजसेवक हवा, गुणांवरून मुलांच्या वेगळ्या तुकड्या शक्यतो पाडू नयेत, असे त्यांत म्हटले आहे. शाळेच्या पालकसभेत ‘आपल्याकडे समुपदेशक कोण, आणि कोणत्या वारी भेटतात?’ हा प्रश्न आता कोणीही विचारू शकतो. तोवर आणि त्यानंतरही, १४४१६ हा टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा मोफत नंबर दिवसरात्र सुरू असतो, मराठीतही बोलता येते. लहान मुलांसाठी १०९८ आहे. मूल जेवेनासे झाले, झोपेनासे झाले, ‘मी नसलो तर बरे’ असे काही बोलले, तर निकालाची वाट न पाहता त्याच दिवशी त्याच्याशी थेट बोलावे आणि या नंबरवर फोन करावा.