कॅलिफोर्निया विद्यापीठाचा आरोग्य विमा: लग्न न केलेल्या जोडीदाराचे नाव कसे लावावे

युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाच्या बर्कली, डेव्हिस, सॅन डिएगो अशा कुठल्याही कॅम्पसवर विम्याला पात्र नोकरी असेल, तर डोमेस्टिक पार्टनरलाही (लग्न न करता एकत्र राहणाऱ्या जोडीदारालाही) आरोग्य विम्यात घेता येते. दोघेही १८ पूर्ण हवेत, जवळचे रक्ताचे नाते नको आणि दुसऱ्या कुणाशी लग्न झालेले नको.

राज्याकडे नोंदणी केलेली नसली तरी विद्यापीठ जोडीदार मानते. मात्र मग एकत्र राहणे आणि एकमेकांच्या खर्चाची जबाबदारी कागदांनी दाखवावी लागते. नोंदणी असली की एक प्रमाणपत्र पुरते. २०२० पासून ती १८ वर्षांवरील कोणत्याही वयाच्या स्त्री-पुरुष जोडप्यांनाही खुली आहे. ‘डिक्लेरेशन ऑफ डोमेस्टिक पार्टनरशिप’ या फॉर्मवर दोघांनी सह्या करायच्या, त्या नोटरीकडून प्रमाणित करून घ्यायच्या आणि फॉर्म शुल्कासह राज्याच्या सेक्रेटरी ऑफ स्टेटकडे (अशी नोंदणी करणाऱ्या सरकारी कार्यालयाकडे) पाठवायचा. पण केवळ विम्यासाठी घाईने नोंदणी करू नका. कॅलिफोर्नियात तिला लग्नासारखेच हक्क आणि तशीच बंधने आहेत, आणि मूल किंवा घर असेल तर ती मोडायला कोर्टातच जावे लागते.

नोंदणीच्या तारखेपासून ३१ दिवसांत यूसीपाथवर (विद्यापीठाच्या कर्मचाऱ्यांसाठीच्या ऑनलाइन पोर्टलवर) जोडीदाराचे नाव घाला. बहुतेकांचे इथेच चुकते: प्रमाणपत्र टपालाने हाती येईपर्यंत थांबतात, आणि दिवस मात्र नोंदणीपासून मोजले जातात. मुदत गेली की सहसा शरद ऋतूतल्या ओपन एनरोलमेंटची (विम्यात बदल करण्याच्या वार्षिक मुदतीची) वाट पाहायची. तेव्हा घातलेले नाव १ जानेवारीपासून लागू होते. नाव घातल्यावर पडताळणीचे पत्र येते. त्याला वेळेत उत्तर दिले नाही, तर विमा बंद होतो.

आता कर. जोडीदारासाठी विद्यापीठ जो हप्ता भरते, तो फेडरल (केंद्र सरकारचे) कर खाते तुमचेच उत्पन्न धरते. पगारपत्रकात तो ‘इम्प्युटेड इन्कम’ म्हणून दिसतो आणि हातात येणारा पगार घटतो. नोंदणीकृत जोडीदाराच्या बाबतीत कॅलिफोर्निया राज्य हा कर लावत नाही. जोडीदार वर्षभर तुमच्याच घरी राहत असेल आणि त्याचा निम्म्याहून अधिक खर्च तुम्ही करत असाल, तर तो करापुरता अवलंबित ठरू शकतो. मग फेडरल करही वाचतो. ही स्थिती विद्यापीठाला तुम्हीच कळवायची असते.

एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर आलेल्यांनी ध्यानात ठेवावे: या नोंदणीवर जोडीदाराला एच-४ हा कुटुंबीयांचा व्हिसा मिळत नाही. त्यासाठी लग्नच लागते.