उभी बॅग आडवी का होते?

रावेर-यावल पट्ट्यात मे-जूनच्या वादळात घड लागलेली केळीची बाग झोपते, तेव्हा दोष एकट्या वाऱ्याचा नसतो. वजन वर, मुळे उथळ आणि वाऱ्याचा रेटाही उंचावर, असा तिहेरी योग जुळून आलेला असतो. घरी कराटे किंवा बॉक्सिंगच्या सरावासाठी आणलेली, स्वतःच्या बुडावर उभी राहणारी पंचिंग बॅग कोलमडते, त्यामागेही हेच गणित आहे. (धाब्याच्या जुन्या घरात मातीच्या छताखालच्या तुळईला जड बॅग टांगून तिला रोज हिसके देण्यापेक्षा ही उभी बॅग केव्हाही बरी.)

समजा, बुडाचा व्यास 60 सेंटिमीटर आणि भरलेल्या बॅगेचे वजन 120 किलो आहे. 120 सेंटिमीटर उंचीवर 30 किलो वजनाइतका सलग रेटा दिला, तर बुडाची मागची कड टेकून पुढची उचलली जाऊ लागते. ठोशाचा जोर याहून कितीतरी अधिक असतो, परंतु तो सेकंदाच्या काही शतांशच टिकत असल्याने बॅग कलते आणि परत येते. ती पडते ती गुरुत्वमध्य बुडाच्या कडेपलीकडे गेल्यावरच, आणि त्यासाठी तो आधी वर उचलला जावा लागतो: जमिनीपासून 25 सेंटिमीटरवर असेल तर सुमारे 14 सेंटिमीटर, 60 सेंटिमीटरवर असेल तर जेमतेम 7.

म्हणून वजन हवे ते बुडातच. 100 लिटरच्या बुडात पाणी 100 किलो मावते, तर चाळलेली कोरडी रेती सुमारे 160 किलो. रेतीच्या कणांमधल्या पोकळीत पाणी मुरवले, तर भार 190 किलोच्या आसपास जातो. शेतातली काळी माती फुकट मिळते, पण ती भिजल्यावर फुगते आणि वाळल्यावर आकसते, तेव्हा तो मोह टाळावा. नुसते पाणी भरणार असाल तर अर्धवट भरू नये, कारण डचमळणारे पाणी बॅगेला आणखी झोका देते. मात्र 20 अंशांचे पाणी 45 अंशांपर्यंत तापले की 100 लिटरमागे पाऊण लिटरहून थोडे जास्त फुगते, तेवढी जागा मोकळी ठेवावी. बॅग जिथे उभी करायची तिथेच, शक्यतो तळमजल्यावर, नरसाळ्याने भरावी.

उंचावरचा ठोसा बॅगेला कलवतो, खालची लाथ तिला सरकवते. सरकणे थांबवण्यासाठी बुडाखाली रबरी मॅट घालतात, पण तिच्याखाली धूळ राहिली तर घर्षण घटते. तेव्हा मॅट अंथरण्याआधी फरशी ओल्या फडक्याने पुसून कोरडी होऊ द्यावी.